मोटारीचे मूळपण

पोलोग्राउंड हे नाव घेतले की आजच्या इंदूरकराच्या डोळ्यांपुढे घोडा उभा राहत नाही. उभे राहते ते वीज कंपनीचे जी. पी. एच. आवार, कारखान्यांची पत्र्याची छपरे, लेथची घरघर आणि दारात उभ्या असलेल्या मालमोटारी. मैदान गेले, खेळ गेला, खेळणारे गेले. नाव मात्र पत्त्यांत आणि सरकारी दप्तरांत टिकून राहिले. जागा तीच, नाव तेच आणि आतील सर्व काही बदललेले, अशा स्थितीत हे मूळचे पोलोग्राउंड म्हणावे काय, असा प्रश्न कोणी विचारला तर आपण तो हसण्यावारी नेऊ. जुन्या मोटारींच्या व्यवहारात मात्र नेमका हाच प्रश्न लाखो रुपयांचा असतो आणि प्रसंगी तो न्यायालयापर्यंत जातो.

शासकीय सेवेच्या निमित्ताने पोलोग्राउंडमधील शेडांतून माझे बरेच जाणे-येणे झाले. एखाद्या शेडच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली झाकलेली जुनी मोटार दिसे आणि शेजारी लेथवर तिच्यासाठी एखादी बुश किंवा पिन कातली जात असे. कारागिराला विचारावे तर उत्तर ठरलेले : ‘साहेब, बिलकुल ओरिजिनल जैसा बना दूँगा.’ या ‘जैसा’ शब्दात सारा विषय सामावलेला आहे. मूळ भाग कोणता आणि मुळासारखा भाग कोणता, हे ओळखण्याची विद्या गेल्या काही दशकांत जगभर वाढली. आपल्याकडील जुन्या घराण्यांना तिची ओळख असणे अगत्याचे आहे, कारण जुन्या मोटारी, त्यांचे सुटे भाग आणि कागद अजूनही अशाच घरांतून निघतात, आणि बहुतेक वेळा भंगाराच्या भावाने निघतात.

इंदूरपुरते बोलायचे तर या विषयाचे सर्वांत देखणे उदाहरण म्हणजे महाराजा यशवंतराव होळकर (द्वितीय) यांची १९३५ ची ड्यूझेनबर्ग. अमेरिकेतील इंडियानापोलिसच्या या कंपनीचे ‘जे’ मॉडेल १९२८ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कला प्रथम दाखवले गेले. आठ सिलिंडरांचे सुमारे ६.९ लिटरचे इंजिन आणि २६५ अश्वशक्तीचा दावा, ही त्या काळी थक्क करणारी गोष्ट होती. कंपनी ग्राहकाला केवळ इंजिनासह चॅसी विकत असे; वरची बॉडी ग्राहकाने आपल्या पसंतीच्या कारागिराकडून बांधून घ्यायची. आपल्या महाराजांनी ती लंडनच्या गर्नी नटिंग यांजकडून बांधून घेतली. आराखडा ए. एफ. मॅक्नील यांचा, रंग नारिंगी आणि काळा. इतकी लांब गाडी आणि बसायला जागा जेमतेम दोघांना! ती आज भारतात नाही. तिची छायाचित्रे पाहिली की माणिकबाग राजवाडा ज्या अभिरुचीतून उभा राहिला तीच अभिरुची चाकांवर चढलेली दिसते.

या गाडीच्या जातकुळीतच मूळ-नकलेचा प्रश्न दडलेला आहे. १९३२ पासून कंपनीने सुपरचार्जर बसवलेले ‘एसजे’ हे अधिक शक्तिमान रूप काढले. त्याची शक्ती ३२० अश्वशक्ती सांगितली जाई. ‘जे’ गाड्या एकंदर ४८० च्या आसपास झाल्या आणि त्यांत कारखान्यातून सुपरचार्जरसह निघालेल्या जेमतेम तीन डझन. पुढे या गाड्यांच्या किमती चढल्या तेव्हा अमेरिकेत सुपरचार्जरच्या प्रतिकृती बनू लागल्या आणि बॉनेटच्या बाजूने बाहेर येणाऱ्या चकचकीत एक्झॉस्ट नळ्या साध्या ‘जे’ गाड्यांनाही लागू लागल्या. बाहेरून पाहणाऱ्यास दोन्ही सारख्याच. शिवाय बॉडी वेगळ्या कारखान्याची असल्यामुळे एका चॅसीवरची बॉडी उचलून दुसऱ्या चॅसीवर ठेवणे हे त्या काळीही सर्रास चाले. म्हणून तेथील ऑबर्न-कॉर्ड-ड्यूझेनबर्ग क्लब इंजिनाचा क्रमांक, चॅसीचा क्रमांक, फायरवॉलवरील पट्टी आणि बॉडीचा इतिहास, असे सर्व पडताळून मगच गाडीला प्रमाणपत्र देतो. ‘गाडी मूळची आहे’ असे मोघम विधान तेथे कोणी करीत नाही. कोणता भाग कोणत्या गाडीचा, हे सांगावे लागते.

आता हे ओळखायचे कसे, ते पाहू. पहिला साक्षीदार क्रमांक. पण क्रमांकाची पितळी पट्टी दोन रिव्हेटांवर बसलेली असते आणि नवी पट्टी कोरून घेणे ही कोणत्याही शहरात अर्ध्या दिवसाची बाब आहे. त्यामुळे जाणकार पट्टीपेक्षा धातूत ठोकलेल्या आकड्यांना अधिक मानतात. आकड्यांचे वळण, त्यांची खोली, हाताने ठोकल्यामुळे आलेला किंचित तिरकेपणा, आणि मुख्य म्हणजे आकड्यांखालची जागा कधी घासली गेली आहे काय, हे ते पाहतात. फोर्डच्या ‘मॉडेल टी’मध्ये इंजिनाचा क्रमांक हाच गाडीचा क्रमांक, इंजिन बदलले की गाडीची ओळखच बदलली. रोल्स-रॉइसच्या प्रत्येक चॅसीचे कारखान्यातील कार्ड उपलब्ध असल्याने तेथे काम पुष्कळ सोपे होते.

दुसरा साक्षीदार ओतकाम, आणि येथे आपल्या पोलोग्राउंडच्या फाउंड्रीतला पॅटर्न बनवणारा सुतार मोठमोठ्या तज्ज्ञांना चार गोष्टी शिकवू शकेल. वितळलेला धातू साच्यात थंड होताना आकसतो. बिडाचे आकसणे शेकडा एकच्या आसपास, ॲल्युमिनियमचे सव्वाच्या थोडे वर, पितळेचे दीड. म्हणून हा सुतार लाकडी नमुना करताना साधी फूटपट्टी वापरीत नाही; त्याच्या पट्टीवरील इंच मुळातच तेवढा लांब असतो. प्रतिकृती करणारा मात्र बहुधा हा खटाटोप न करता मूळ भागच वाळूत दाबून साचा घेतो. परिणामी आठ इंची पितळी भाग सुमारे तीन मिलिमीटरने लहान निघतो. त्या प्रतिकृतीची पुन्हा प्रतिकृती झाली की आणखी लहान. मूळ भागाशेजारी ठेवून कॅलिपर लावला की नक्कल तेथल्या तेथे उघडी पडते. आकाराबरोबर कडाही मरतात. कोरलेली अक्षरे बोथट होतात. रोल्स-रॉइसच्या रेडिएटरवरील पंखधारी स्त्रीची मूर्ती चार्ल्स साइक्स या शिल्पकाराने १९११ मध्ये घडवली. जुन्या मूर्तींच्या तळाशी त्याची सही आणि त्या वर्षीच्या फेब्रुवारीची तारीख कोरलेली आढळते. बाजारातील नकलांत ही सही एक तर नसते, किंवा असते ती साबणावर उमटवल्यासारखी गुळगुळीत. अर्थात पन्नास वर्षे ब्रासोने घासलेली अस्सल मूर्तीही गुळगुळीत होते. म्हणून एका खुणेवर निकाल देऊ नये.

तिसरी गोष्ट आट्यांची. इंग्लंडमध्ये १८४१ पासून व्हिटवर्थ पद्धतीचे आटे रूढ झाले. त्यांचा कोन ५५ अंशांचा. अमेरिकन आणि मेट्रिक आट्यांचा कोन ६० अंशांचा. १९३० च्या इंग्रजी गाडीत मेट्रिक बोल्ट सापडला तर तो मागाहून आला, असे कोणीही म्हणेल, आणि दहांपैकी नऊ वेळा ते बरोबर ठरेल. दहाव्या वेळी गाडी मॉरिस असेल! मॉरिसची इंजिने कॉव्हेंट्रीतील ज्या कारखान्यात बनत तो मूळचा हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा. यंत्रे फ्रेंच, म्हणून आटे मेट्रिक. पण गिऱ्हाईक इंग्रज, म्हणून बोल्टचे डोके मात्र इंग्रजी पान्यात बसेल असे. हाच संकर पुढे एमजी गाड्यांच्या इंजिनांत १९५५ पर्यंत चालू राहिला. आपल्याकडे मॉरिस पुष्कळ होत्या. नियमाला चिकटून बसणाऱ्या किती जणांनी त्यांतले अस्सल बोल्ट ‘चुकीचे’ म्हणून फेकून दिले असतील!

स्क्रूचेही तसेच. डोक्यावर अधिक चिन्हासारखी खाच असलेला फिलिप्स स्क्रू मोटारीत प्रथम वापरला तो १९३६ मध्ये कॅडिलॅकने. त्यापूर्वीच्या गाडीच्या दारात तो दिसला की ते दार कधीतरी उघडून पुन्हा बसवले आहे, एवढे निश्चित समजावे. क्रोमियमचा मुलामा मोटारींवर रूढ झाला तो १९२७ च्या पुढे. आधीचा सारा झगमगाट निकेलचा. निकेलला किंचित पिवळसर, उबदार झाक असते. क्रोमियम निळसर आणि थंड दिसते. १९२४ ची गाडी क्रोमियमने लखलखत असेल तर मालकाची हौस दांडगी आणि माहिती तोकडी, असे खुशाल समजावे. १९२४ हेच साल रंगाच्याही इतिहासात महत्त्वाचे, कारण त्या वर्षीच्या ओकलंड गाडीपासून ड्युको रंगाची सुरुवात झाली. त्यापूर्वी ब्रशने थरावर थर देऊन वाळवण्यात आठवडेच्या आठवडे जात. मूळ रंग शोधायचा तर बिजागरीच्या मागे, डॅशबोर्डच्या आतल्या बाजूस, मडगार्डच्या सांध्यात पाहावे. तेथे रंगारी पोहोचत नाही. विजेच्या तारांवर सुती वेष्टण असेल तर ती जुनी जोडणी. चकचकीत प्लास्टिकचे असेल तर दुसऱ्या महायुद्धानंतरची.

लाकडाची कथा खास आपल्याकडची आहे. इंग्रजी बॉडीचा सांगाडा ॲश नावाच्या लाकडाचा असे आणि त्यावर ॲल्युमिनियमचा किंवा पोलादाचा पत्रा ठोकलेला असे. ॲश लवचिक खरे, पण आपला पावसाळा आणि आपली वाळवी त्याला मानवली नाही. सांधे सैल होऊन दारे कुरकुरू लागली की स्थानिक सुतार ती फ्रेम सागवानात नव्याने करून देई. त्यामुळे भारतात राहिलेल्या गाडीत सागवानी खांब सापडणे हे नवलाचे नाही. सुतार चांगला असेल तर त्याने जुन्या लाकडावरील बॉडीचा क्रमांकही नव्यावर उतरवून ठेवलेला असतो, आणि मग परीक्षकाची खरी पंचाईत होते.

येथून मी माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. परदेशी पुस्तके भागांचे दोन वर्ग सांगतात : कारखान्याचा मूळ भाग आणि आधुनिक प्रतिकृती. फार तर तिसरा, कारखान्यातून तेव्हाच निघालेला पण कोणत्याही गाडीवर न चढता पेटीत पडून राहिलेला. आपल्या देशातील गाड्यांना ही वर्गवारी पुरत नाही. युद्धकाळात विलायती सुटे भाग यायचे थांबले; स्वातंत्र्यानंतर आयात-परवान्यांचे युग आले. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी १९२० च्या दशकात आपल्याकडे जुळणीचे कारखाने काढले होते. तेही १९५० च्या दशकात बंद झाले. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून आणि हिंदुस्थान मोटर्समधून जे निघेल त्यावर देशाची गरज भागवायची होती. अशा वेळी पॅकार्ड, ब्यूक किंवा हंबर चालू ठेवण्याचा एकच मार्ग होता. मिस्त्रीने भाग स्वतः घडवायचा किंवा दुसऱ्या गाडीचा घेऊन जुळवायचा. मालमोटारीचे पिस्टन कातून लहान केले गेले, ॲम्बॅसडरचा गिअरबॉक्स बसला, दिव्यांच्या काचा काचवाल्याकडून कापून आल्या. या भागांना मूळ म्हणता येत नाही. पण त्यांना नक्कल म्हणणेही अन्यायाचे आहे, कारण त्यांचा हेतू फसवण्याचा नव्हता. सायंकाळी कोणाला तरी स्टेशनवर आणायला जायचे होते आणि गाडी चालणे भाग होते, एवढाच त्यांचा हेतू. मी त्यांना ‘निभावणीचे भाग’ म्हणतो.

आज जीर्णोद्धार करणारे हे निभावणीचे भाग प्रथम उपटून फेकतात आणि त्यांच्या जागी परदेशातून मागवलेली, काल बनलेली प्रतिकृती बसवतात. मग गाडी ‘ओरिजिनल’ झाली म्हणून पेढे वाटतात. मला हे उलटे वाटते. १९५२ साली इंदुरात कातलेली पाण्याच्या पंपाची पिन सत्तर वर्षांहून जुनी आहे आणि ती त्या गाडीच्या आयुष्याची साक्षीदार आहे. नवी प्रतिकृती कशाचीच साक्षीदार नाही. निभावणीचा भाग धोक्याचा असेल तर, विशेषतः ब्रेक किंवा स्टिअरिंगच्या बाबतीत, तो बदललाच पाहिजे, यात वाद नाही. पण काढलेला भाग डब्यात घालून, त्यावर चिठ्ठी लावून ठेवायला काय हरकत आहे?

न्यायालयाने या प्रश्नाला कसा हात घातला, ते पाहण्यासारखे आहे. ‘ओल्ड नंबर वन’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या बेंटलीने १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे ल मॉन्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली. १९३२ मध्ये ब्रुकलंड्सच्या शर्यतीत तिला भीषण अपघात झाला; चालक क्लाइव्ह डनफी ठार झाला. पुढे ती पुन्हा बांधली गेली, पुन्हा पुन्हा बदलली गेली. १९९० मध्ये तिचा एक कोटी पौंडांना सौदा ठरला आणि खरेदीदाराने ऐनवेळी हात आखडता घेतला. म्हणणे असे की ही ती गाडीच नव्हे. लंडनच्या उच्च न्यायालयात भागन्‌भाग तपासला गेला. १९२९ च्या गाडीचे निश्चित सांगता येईल असे जवळजवळ काही उरले नव्हते. १९३० च्या गाडीचे पेडलचा दांडा, गिअरबॉक्सचे कवच, स्टिअरिंगचा खांब असे मोजकेच. तरीही न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल विक्रेत्याच्या बाजूने दिला. गाडी मूळ अवस्थेत नाही हे मान्य. पण तिच्या इतिहासात कोठेही खंड नाही, ती मोडून दुसरी कधी झाली नाही आणि त्या नावावर हक्क सांगणारी दुसरी गाडी जगात नाही, म्हणून अस्सल ‘ओल्ड नंबर वन’ ती हीच.

हा युक्तिवाद वाचताना मला ‘मिलिंदपञ्ह’ आठवला. नागसेन स्थविर राजा मिलिंदास विचारतो की तू ज्या रथातून आलास तो रथ म्हणजे काय? आस हा रथ काय, चाके हा रथ काय, दांडी हा रथ काय? राजा प्रत्येकास नाही म्हणतो आणि शेवटी ‘रथ’ हे या साऱ्यांच्या मेळास दिलेले नाव आहे, असे कबूल करतो. दोन हजार वर्षांपूर्वीचा हा संवाद मोटार-परीक्षकांच्या पाठ्यपुस्तकात घालावा इतका चपखल आहे.

आपल्या राजवाड्याचे उदाहरण दूर नाही. १८०१ मध्ये तो जळाला, पुन्हा बांधला गेला. १९८४ च्या दंगलीत त्याला पुन्हा आग लागली, पुन्हा दुरुस्ती झाली. त्यास नकली म्हणण्याचे धाडस कोणी इंदूरकर करणार नाही. माणिकबागेचे सामान मात्र वेगळ्या वाटेने गेले. एकार्ट मुथेसियस यांनी १९३० नंतर सजवलेल्या त्या महालातील वस्तूंचा लिलाव १९८० मध्ये मोनाकोला झाला. मुथेसियस यांच्या काही रचना आता एक जर्मन कंपनी नव्याने बनवते आणि त्यांना ‘मांडू’, ‘उषा’ अशी आपल्याकडची नावे आहेत. त्या उघडपणे नव्या म्हणून विकल्या जातात, त्यामुळे त्यांत फसवणूक नाही. फसवणूक सुरू होते ती नव्या वस्तूवर मुद्दाम गंज चढवण्यात येतो तेव्हा.

आंतरराष्ट्रीय पातळीवर हे सूत्र मान्य झाले आहे. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या ‘फिवा’ या जुन्या वाहनांच्या महासंघाने २०१२-१३ मध्ये तुरीन सनद स्वीकारली. तिचा भर जीर्णोद्धारापेक्षा जतनावर आहे. बदललेले भाग ओळखू यावेत आणि केलेल्या कामाची नोंद राहावी, अशी तिची अपेक्षा आहे. आपल्याकडे १५ जुलै २०२१ च्या अधिसूचनेने मोटार वाहन नियमांत विंटेज वाहनाची व्याख्या प्रथमच आली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक काळ झालेले, मूळ स्वरूपात राखलेले आणि चॅसी, बॉडी अथवा इंजिन यांत भरीव फेरफार न झालेले दुचाकी वा चारचाकी वाहन असेल तर ‘व्हीए’ अक्षरे असलेला विशेष क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीस वीस हजार रुपये आणि मुदत दहा वर्षे. नियम स्वागतार्ह आहे. परंतु जन्मभर सरकारी नियम राबवलेला माणूस म्हणून माझी शंका एवढीच की ‘भरीव’ म्हणजे किती, हे ठरवायचे कोणी आणि कशाच्या आधारे? १९५५ साली निरुपायाने इंजिन बदललेली गाडी आणि २०१५ साली हौसेने इंजिन बदललेली गाडी यांना एकच माप लावले, तर पहिलीवर अन्याय होईल. शिवाय आता १९३२ च्या फोर्डची संपूर्ण पोलादी बॉडी अमेरिकेत नवी मिळते. जुना क्रमांक आणि नवे सर्व काही, अशी गाडी उभी करणे अशक्य राहिलेले नाही. दुसरीकडे, १९५० पूर्वीच्या मोटारी आणि त्यांचे सुटे भागही परदेशी पाठवण्यावर आपल्या निर्यात धोरणात निर्बंध आहेत, हे भाग विकायला काढणाऱ्या पुष्कळांना ठाऊक नसते.

अखेर सारे कागदावर येऊन ठेपते, आणि कागद आपल्याच घरांत आहेत. जुने नोंदणी-पुस्तक, विम्याची पावती, दुरुस्तीची बिले, सियागंजातून आणलेल्या सामानाच्या चिठ्ठ्या, ड्रायव्हरची पगारवही, हे सर्व रद्दीत घालण्यापूर्वी एकवार पाहावे. नोंदणी-पुस्तकात इंजिनाचा आणि चॅसीचा क्रमांक असतो, इंजिन बदलल्याची नोंद असते, रंगही लिहिलेला असतो. गाडी विकून चाळीस वर्षे झाली असली तरी ते पुस्तक आजच्या मालकाला लाखमोलाचे वाटू शकते. मूळ पुस्तक देण्याआधी प्रत काढून ठेवावी.

आणि छायाचित्रे. रामबागेतल्या किंवा जुनी इंदूरमधल्या कोणत्याही वाड्यातील लग्नाच्या अल्बममध्ये मोटारीपुढे उभे राहून काढलेला एखादा फोटो असतोच. आपण त्यात माणसे ओळखतो : या माई, हे दादासाहेब, तो कडेवरचा अमका. मोटारीकडे कोणी पाहत नाही. तो फोटो मोठा करून पाहिला तर दिव्याच्या काचेवरील कंपनीचे नाव वाचता येते, बॉनेटला किती झडपा होत्या ते मोजता येते, मडगार्डवरची रंगाची रेघ कोठून कोठवर जात होती ते दिसते. फोटोच्या पाठीमागे पेन्सिलीने तारीखही लिहिलेली असते.